दोन बोटांवर दाखल, रात्री सिझर

आरोग्य विभागाच्या मासिक बैठकीत प्रत्येक रुग्णालयाला एक आकडा हमखास विचारतात: सिझरचं प्रमाण किती? आकडा जास्त निघाला की 'कमी करा' असा शेरा येतो, कमी निघाला की पुढचा विषय. मराठवाड्यातल्या एका उपजिल्हा रुग्णालयाच्या लेबर रूममध्ये हा आकडा उलगडून बघायचं काम आम्ही काही डॉक्टर आणि सिस्टरांनी मिळून केलं. ज्यांना आपल्याकडे हेच करायचं आहे त्यांना आमच्या चुका तरी टाळता याव्यात, एवढ्यासाठी हे लिहितो आहोत.

चित्र सगळ्यांना ठाऊक आहे. २००५-०६ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात देशातली ८.५ टक्के बाळंतपणं सिझरने झाली होती. २०१९-२१ च्या सर्वेक्षणात ती २१.५ टक्के झाली. महाराष्ट्रात २५.४. नांदेडच्या शेजारच्या तेलंगणात ६०.७. देशभरातल्या खाजगी रुग्णालयांत ४७.४ आणि सरकारीत १४.३. जागतिक आरोग्य संघटनेने १९८५ मध्ये १० ते १५ टक्क्यांची मर्यादा सांगितली आणि ती पुढे तीस वर्षं सगळ्यांनी पाठ म्हटली. २०१५ मध्ये त्याच संघटनेने सांगितलं की, लोकसंख्येच्या पातळीवर १० टक्क्यांच्या वर गेल्याने माता-बालमृत्यू आणखी घटताना दिसत नाहीत. पण रुग्णालयाने एखादा ठरावीक आकडा गाठायच्या मागे लागू नये, ज्या बाईला सिझरची गरज आहे तिला ते मिळेल हे बघावं. रुग्णालयांची तुलना करायची तर रॉब्सन वर्गीकरणाने करावी, असंही त्यात होतं.

डब्लिनचे प्रसूतितज्ज्ञ मायकेल रॉब्सन यांनी २००१ मध्ये ही दहा गटांची पद्धत मांडली. तिचं वैशिष्ट्य असं की सिझर का केलं हे ती विचारतच नाही. बाई दाखल झाली तेव्हा कशी होती, एवढंच विचारते: पहिलटकरीण की आधी बाळंत झालेली, आधीचं सिझर आहे का, बाळं किती, डोकं खाली की पायाळू की आडवं, ३७ आठवडे भरले का, आणि कळा आपोआप आल्या, आणाव्या लागल्या की कळांआधीच सिझर केलं. या सहा गोष्टींवरून प्रत्येक बाई दहापैकी एका आणि एकाच गटात बसते. कारणं विचारायची नाहीत हे सुरुवातीला विचित्र वाटतं. पण ओटी (ऑपरेशन थिएटर) रजिस्टरमधला 'कारण' हा रकाना उघडून बघितला की त्यामागचं शहाणपण कळतं. तिथे चारच शब्द आलटूनपालटून येतात: फीटल डिस्ट्रेस (बाळाचे ठोके बिघडले), सीपीडी (डोकं कटिरात मावत नाही), एनपीओएल (बाळंतपण सरकत नाही), प्रीव्हियस (आधीचं सिझर). एकाच बाईच्या केसपेपरवर एक कारण, ओटी रजिस्टरमध्ये दुसरं आणि डिस्चार्ज कार्डावर तिसरं, असंही सापडतं.

गट असे. पहिलटकरीण, एकच बाळ, डोकं खाली, ३७ आठवडे पूर्ण आणि कळा आपोआप: गट १. तशीच, पण कळा आणलेल्या किंवा कळांआधीच सिझर: गट २. आधी बाळंत झालेली, पोटावर टाका (आधीचं सिझर) नाही, कळा आपोआप: गट ३, कळा आणल्या किंवा आधीच सिझर: गट ४. आधीचं सिझर, बाळ एक, डोकं खाली, दिवस भरलेले: गट ५. पायाळू पहिलटकरीण ६, पायाळू पण आधी बाळंत झालेली ७, जुळं-तिळं ८, आडवं-तिरपं ९, आणि डोकं खाली असलेलं पण ३७ आठवडे न भरलेलं एकटं बाळ १०.

वाचायला सोपं आहे. रजिस्टर घेऊन बसलं की अडतं.

पहिली अडचण हजेरीची. लेबर रूमचं रजिस्टर वेगळं, ओटीचं वेगळं. सिझर झालेल्या बाईचं नाव लेबर रूमच्या रजिस्टरमध्ये असेलच असं नाही, आणि नियोजित सिझर तर थेट वॉर्डातून ओटीत जातं. दोन्ही रजिस्टरं समोरासमोर ठेवून एकत्र यादी केल्याशिवाय टक्केवारीतला छेद, म्हणजे एकूण बाळंतपणांचा आकडाच, चुकीचा येतो. छेदात बाया मोजायच्या, बाळं नाहीत. जुळ्याची आई एकदाच. मृत बाळ जन्माला आलेली बाईही धरायची. दुसरी अडचण म्हणजे फक्त सिझरवाल्यांचे गट लावायचा मोह. आमच्याकडे सुरुवातीला तेच झालं, आणि गटातल्या एकूण बायाच माहीत नसल्याने कुठल्याच गटाचा दर काढता येईना. बाळंत झालेल्या प्रत्येक बाईचा गट लावावा लागतो, आणि तो महिन्याच्या शेवटी एकदम न लावता ती लेबर रूममधून वॉर्डात जायच्या आधी. केसपेपरच्या पहिल्या पानावर सहा चौकटींचा रबरी शिक्का करून घेतला तर सिस्टरला अर्धं मिनिट लागतं.

सगळ्यात जास्त चुका ठिबकेमुळे होतात. बाई कळा देत आली, कळा मंद पडल्या म्हणून ऑक्सिटोसिन (कळा आणणारं, वाढवणारं औषध) सलाइनमधून लावलं: ही गट १. बाईचं पाणी गेलं होतं पण कळा नव्हत्या, म्हणून तेच ऑक्सिटोसिन लावलं: ही गट २. रजिस्टरमध्ये दोघींपुढे 'पिटोसिन ड्रिप' (पिटोसिन म्हणजे ऑक्सिटोसिनच) एवढंच लिहिलेलं असतं. दुसरी चूक टाक्याची. आधीचं सिझर आहे आणि या खेपेला बाळ पायाळू आहे, तर ती गट ७ मध्ये जाते, ५ मध्ये नाही. जुळं असेल तर ८, आडवं असेल तर ९, दिवस कमी असतील तर १०. 'टाका म्हणजे पाच' हे समीकरण डोक्यात इतकं घट्ट बसलेलं असतं की पहिले दोन महिने हीच दुरुस्ती करत बसावं लागतं.

तिसरा घोळ दिवसांचा, आणि तो आपल्या भागाचा खास. बीड, धाराशिव, जालना, परभणीतली ऊसतोड कुटुंबं दसरा-दिवाळीनंतर कोल्हापूर, सांगलीकडे किंवा कर्नाटकात जातात आणि पट्टा पडल्यावर, म्हणजे कारखान्याचा हंगाम संपल्यावर, मार्च-एप्रिलमध्ये परततात. पहिल्या तीन महिन्यांची सोनोग्राफी झालेली नसते, झाली असेल तर तिचा कागद कोपीवरच (तोडीच्या गावातल्या झोपडीत) राहिलेला असतो. पाळीची तारीख सणावरून सांगितली जाते: 'पोळ्याच्या आधी चार दिवस', 'संक्रांतीला बाहेर बसले होते, मग नाहीच.' ही माहिती टाकाऊ नाही. नीट विचारली तर शेवटच्या महिन्यातल्या सोनोग्राफीपेक्षा भरवशाची निघते. फक्त संक्रांत दरवर्षी जानेवारीच्या १४-१५ तारखेलाच येते आणि पोळा दरवर्षी सरकतो, म्हणून त्या वर्षीचं कॅलेंडर लेबर रूमच्या भिंतीवरून काढायचं नाही. पहिल्या तिमाहीतली सोनोग्राफी पाच-सात दिवसांच्या फरकाने दिवस सांगते. सातव्या महिन्यानंतरची तीन आठवडेही चुकू शकते. त्या कागदावरचे '४१ आठवडे' प्रत्यक्षात ३८ असले तर कळा आणण्याची घाई फसते, आणि बाई गट १ मध्ये राहायची ती गट २ मधलं सिझर होऊन जाते.

गट लागले की तक्ता मांडायचा. उदाहरण म्हणून सोयीचे आकडे घेऊ. समजा महिन्यात ४०० बाळंतपणं, त्यात १२० सिझर. म्हणजे ३० टक्के. गट १ मध्ये १२० बाया, त्यातल्या २४ जणींचं सिझर. गटाचा आकार ३० टक्के, गटाचा दर २० टक्के, एकूण बाळंतपणांत या गटाच्या सिझरचा वाटा ६ टक्के आणि एकूण सिझरमधला वाटा २० टक्के. गट ५ मध्ये ६० बाया, ५४ सिझर: आकार १५, दर ९०, एकूण सिझरमधला वाटा ४५ टक्के. आता गट १ मधली सिझर निम्म्यावर आणली तरी रुग्णालयाचा आकडा ३० वरून २७ वरच येतो. बैठकीत कोणी पाठ थोपटणार नाही. पण या १२ जणी पुढच्या खेपेला गट ५ मध्ये येणार नाहीत, आणि तो हिशेब दोन-तीन वर्षांनी दिसतो.

निष्कर्षाआधी तक्ता खरा आहे का ते तपासायचं. गट ९ एक टक्क्याहून कमी असायला हवा आणि त्यातला सिझरचा दर १०० टक्के. आडवं बाळ खालून बाळंत झाल्याची नोंद निघाली तर कुणीतरी चुकीचा गट लावला आहे. गट ६ आणि ७ मिळून तीन-चार टक्के असतात. जुळ्यांचा गट दीड-दोन टक्के. गट १ हा गट २ च्या किमान दुप्पट असावा. दोन्ही जवळजवळ सारखे दिसले तर कळा आणण्याचं प्रमाण फार आहे, किंवा वर सांगितलेला ठिबकेचा घोळ आहे. गट ३ मधला दर तीन टक्क्यांच्या आत असायला हवा. तो दहा-बारा दिसला तर टाकेवाल्या बायका त्यात घुसल्या आहेत का ते आधी बघायचं; सहसा घुसलेल्याच असतात. गट न लागलेल्या बायका तक्त्याखाली वेगळ्या दाखवायच्या, कुठेतरी कोंबायच्या नाहीत. गट १० पाच टक्क्यांच्या खूप वर गेला तर दोन अर्थ निघतात: दिवस चुकले, किंवा आजूबाजूच्या ग्रामीण रुग्णालयांतून कमी दिवसांच्या बायका १०८ ने इकडे पाठवल्या जातात. अंबाजोगाईचं वैद्यकीय महाविद्यालय, लातूर, नांदेड आणि छत्रपती संभाजीनगरचं घाटी रुग्णालय या ठिकाणी हे दुसरं कारण फार मोठं असतं, म्हणून त्यांच्या एकूण आकड्याची तालुक्याच्या आकड्याशी तुलना करण्यात अर्थ नाही. गट १ ची गट १ शी करावी.

गट १, २ आणि ५ मिळून साधारण दोन तृतीयांश सिझर होतात. तिथेच थांबायचं आणि खोदायचं.

गट १ चे केसपेपर एकामागून एक वाचत गेलं की दाखल होतानाची नोंद डोळ्यात भरते: 'ओएस २ फिंगर', म्हणजे गर्भाशयाचं तोंड दोन बोटं उघडलेलं. बोटं. ही मोजणी आपल्याकडे इतकी रुळली आहे की नातेवाईकही विचारतात, 'किती बोटं उघडलंय?' एक बोट म्हणजे साधारण दीड सेंटिमीटर, पण कुणाचं? संध्याकाळच्या सिस्टरची दोन बोटं तीन सेंटिमीटर, रात्रीच्या इंटर्नची अडीच किंवा चार. ड्यूटी बदलली की तोंड आकसल्याची नोंद सापडते. आठ वाजता दोन बोटं, बारा वाजता 'दोन बोटं सैल', चार वाजता 'अडीच', आणि साडेचारला एनपीओएल म्हणून ओटी. त्या बाईच्या खऱ्या कळा कदाचित सुरूच झालेल्या नव्हत्या.

जागतिक आरोग्य संघटनेच्या २०१८ च्या मार्गदर्शनानुसार खरी सक्रिय अवस्था ५ सेंटिमीटरपासून धरतात. त्याआधीच्या सुप्त अवस्थेला ठरावीक मर्यादाच नाही. पहिलटकरणीत ती दिवसभरही चालू शकते. 'तासाला एक सेंटिमीटर' हा जुना नियम सगळ्या बायकांना लागू पडत नाही, हेही त्यात स्पष्ट आहे. पाचच्या पुढे पहिलटकरणीला साधारण बारा तासांपर्यंत, नंतरच्या खेपेला दहा तासांपर्यंत लागू शकतात. त्याच संघटनेच्या २०२० च्या नव्या लेबर केअर गाइड या नोंदतक्त्यात प्रत्येक सेंटिमीटरला वेगळी मुदत आहे: पाचवर ६ तास, सहावर ५, सातवर ३, आठवर अडीच, नऊवर २ तास अडकली तर सावध व्हायचं. सुरुवातीला बाळंतपण हळू सरकतं आणि शेवटी वेग घेतं, हे अनुभवी दाया-सिस्टरांना आधीपासून माहीत होतं. शासकीय पार्टोग्राफ (बाळंतपण किती सरकलं ते मांडायचा आलेख) मात्र ४ सेंटिमीटरपासून आणि तासाला एकच्या रेषेने चालतो. दोन्ही कागद एकाच वेळी भरायला लावले की दोन्ही बाळंतपणानंतर एका बैठकीत भरले जातात. एकच ठेवावा.

बोटांवरून सेंटिमीटरवर यायला एक साधी पाटी पुरते. प्लायवूडला १ ते १० सेंटिमीटरची भोकं पाडून लेबर रूममध्ये टांगायची. प्रत्येकीने ड्यूटीच्या सुरुवातीला डोळे मिटून चाचपायचं आणि आकडा सांगायचा. पाण्याच्या बाटलीचं झाकण तीन सेंटिमीटर, दहाचं नाणं २.७. नातेवाइकांना समजवायला बांगडी उपयोगी पडते: दोन इंची बांगडी आतून ५ सेंटिमीटरची, सव्वादोनची ५.७. 'दोनाच्या बांगडीएवढं तोंड उघडलं की खऱ्या कळा धरायच्या, तोवर हिला चालू द्या, खाऊ द्या.' सासूला हे एका वाक्यात कळतं. सेंटिमीटरचं व्याख्यान कळत नाही.

पण चालू द्यायचं कुठे? पाठ्यपुस्तक म्हणतं घरी पाठवा. गाव चाळीस किलोमीटरवर, शेवटची एसटी साडेपाचला, रिक्षावाला रात्रीचे दुप्पट घेणार, आणि नातेवाईक म्हणणार, 'सकाळपासून आणलीय, मोकळी करा.' घरी पाठवणं इथे चालत नाही. मधला मार्ग म्हणजे लेबर रूमबाहेर, वॉर्डाच्या टोकाला चार खाटा 'थांबायच्या' म्हणून राखून ठेवणं. आदिवासी भागातल्या माहेरघरामागचा (दिवस भरत आलेल्या बायांना दवाखान्याजवळ राहायची सोय) विचारही थोडाफार हाच. अटी अशा: पार्टोग्राफ उघडायचा नाही, ठिबक लावायची नाही, पाणी फोडायचं नाही, तपासणी चार तासांनी, जेवण आणि फेऱ्या चालू. ठोके, ताप आणि रक्तदाब मात्र बघत राहायचं. लेबर टेबलावर चढवलेल्या बाईला काहीतरी करायलाच हवं, असं सगळ्यांना वाटू लागतं. टेबलच रिकामं ठेवलं की ही घाई निम्मी होते. आमच्या मते सगळ्या प्रक्रियेतली सगळ्यात स्वस्त आणि सगळ्यात अवघड सुधारणा हीच, कारण खाटा मोकळ्या दिसल्या की कुणीतरी तिथे पेशंट टाकतंच.

सोबतीणही इथेच कामाला येते. बाळंतपणाच्या वेळी एक सोबतीण ठेवायला केंद्र सरकारने २०१६ च्या फेब्रुवारीत परवानगी दिली आहे. शक्यतो स्वतः बाळंत झालेली नात्यातली बाई. सतत सोबत मिळालेल्या बायकांत सिझर साधारण पाव हिश्शाने कमी दिसतात. दोन टेबलांमध्ये पडदे नसले तर मात्र दुसरी बाई आणि तिची सासू दोघीही विरोध करतात. आधी पडदे आणावेत.

ठिबकेचं गणित वेगळंच. ५०० मिली सलाइनमध्ये ५ युनिट ऑक्सिटोसिन घातलं की एका मिलीत १० मिलियुनिट येतात. सेट २० थेंबांचा असेल तर मिनिटाला ८ थेंब म्हणजे ४ मिलियुनिट; १५ थेंबांचा असेल तर तेच ८ थेंब ५.३ होतात. म्हणजे सेट बदलला की औषध एक तृतीयांशाने वाढलं, आणि केसपेपरवर मात्र '८ थेंब' तेच. सेटच्या पाकिटावरचा आकडा बघून तो कागदावर लिहायला लावायचं. दुसरी गोष्ट, ऑक्सिटोसिन २ ते ८ अंशांत ठेवायचं असतं. मे महिन्यात पारा ४२-४३ वर असताना ट्रेमध्ये दिवसभर पडलेल्या अँप्युलचा जोर कमी होतो. कळा येत नाहीत म्हणून थेंब वाढवले जातात. रात्री फ्रिजमधली नवी अँप्युल फुटते आणि थेंब तेवढेच राहतात. मग दहा मिनिटांत सहा-सात कळा, बाळाचे ठोके खाली, 'फीटल डिस्ट्रेस', ओटी. कागदावर दोष बाळाचा. थेंब दर अर्ध्या तासाने वाढवायचे, दहा मिनिटांत तीन-चार कळा, प्रत्येक चाळीस सेकंदांच्या आसपास, एवढ्या झाल्या की थांबवायचे; पाचच्या वर गेल्या तर ठिबक बंद. ठोके बिघडले की आधी ठिबक बंद, डाव्या कुशीवर, सलाइन, आणि पुन्हा ऐकायचं. 'फीटल डिस्ट्रेस' लिहायचं असेल तर पुढे तीन गोष्टी लिहायच्या: ठोके किती, किती वेळ, काय केल्यावर काय झालं. नुसता शब्द चालणार नाही एवढा नियम केला तरी तो शब्द विचार करून लिहिला जातो.

ठोक्यांबद्दल आणखी थोडं. जोखीम नसलेल्या बाईला दाखल होताच सीटीजीचा (बाळाचे ठोके आणि कळा सतत कागदावर उतरवणाऱ्या यंत्राचा) पट्टा लावायची शिफारस नाही. त्याने बाळाचा फायदा दिसत नाही आणि सिझर वाढतात. डॉपलरने (ठोके ऐकायच्या हातातल्या यंत्राने) पहिल्या अवस्थेत १५ ते ३० मिनिटांनी आणि जोर द्यायच्या अवस्थेत दर पाच मिनिटांनी, कळेच्या दरम्यान आणि नंतर, पुरतं एक मिनिट ऐकायचं. ११० ते १६० ठीक. बहुतेक ठिकाणी पट्टा लावतात तो हात कमी म्हणून. एका सिस्टरकडे कळा देणाऱ्या तिघी असतील तर पाच मिनिटांचा नियम कागदावरच राहणार, आणि याला प्रशिक्षणाचा उपाय नाही, माणसांचाच आहे. बाळाने आत शी केली, एवढ्यावरून सिझर होत नाही. ठोके नीट असतील आणि बाळंतपण सरकत असेल तर थांबता येतं.

नाळेचा वेढा आणि 'पाणी कमी' हे दोन शब्द सोनोग्राफी सेंटरवरून येतात आणि घरात भूकंप करतात. जन्मताना साधारण दर चार बाळांमागे एकाच्या मानेभोवती वेढा असतो. तो सिझरचं कारण नाही, आणि रिपोर्टवर ठळक अक्षरात छापायचंही काही कारण नाही. पाण्याचं असं: एएफआय (पोटाच्या चार भागांतल्या गर्भजलाच्या खोलीची बेरीज) ५ च्या खाली आलं की 'पाणी कमी' लिहितात, पण सगळ्यात खोल कप्पा २ सेंटिमीटर किंवा अधिक असेल तर ते पुरेसं धरतात. नुसत्या एएफआयवर गेलं की कळा आणणं आणि सिझर दोन्ही वाढतात, बाळांना मात्र त्याचा काही फायदा दिसत नाही. उन्हाळ्यात शेतातून आलेल्या बाईला दोन लिटर पाणी पाजून काही तासांनी पुन्हा मोजलं तर आकडा बऱ्याचदा बदललेला असतो. बाळाची वाढ खुंटलेली असेल किंवा आईचा रक्तदाब वाढलेला असेल तर अर्थात हे लागू नाही.

कळा आणायच्याच असतील तर बिशप स्कोअर (गर्भाशयाचं तोंड कितपत तयार आहे याचे गुण) मांडल्याशिवाय सुरुवात नको. सहाच्या खाली असेल तर आधी तोंड मऊ करायचं: फोलीच्या नळीचा फुगा ३० ते ६० मिली पाण्याने भरून, किंवा मिसोप्रोस्टॉलची गोळी देऊन. २०० मायक्रोग्रॅमची गोळी ब्लेडने आठ तुकडे करून देणं ही जुनी पद्धत धोक्याची, तुकडे कधीच सारखे होत नाहीत. २५ ची गोळी मिळत नसेल तर २०० ची गोळी २०० मिली पाण्यात विरघळवून, दर वेळी हलवून, दर दोन तासांनी २५ मिली पाजायचं. चोवीस तासांनी उरलेलं फेकायचं. पोटावर टाका असेल तर मिसोप्रोस्टॉलला हात लावायचा नाही. आणि 'फेल्ड इंडक्शन' (कळा आणायचा प्रयत्न फसला) हा शेरा पाणी फोडून ऑक्सिटोसिन निदान १२ ते १८ तास चालवल्यावरच. केसपेपरांत तो सात-आठ तासांवर, पाणी न फोडता लिहिलेला आढळतो.

सिझरच्या वेळा ग्राफ पेपरवर टिंबांनी मांडून बघाव्यात. गट १ ची टिंबं संध्याकाळी सहा ते नऊमध्ये गर्दी करत असतील तर उत्तर बाईच्या पोटात नाही, भूलतज्ज्ञाच्या वेळापत्रकात आहे. रात्री दोनला गरज पडली तर कोण येणार, या धास्तीने आठलाच उरकलं जातं. हा डॉक्टरांचा आळस म्हणून सोडून देता येत नाही; भूलतज्ज्ञ नसताना थांबणं खरोखर धोक्याचं असतं. अमावास्येच्या आदल्या दिवशीची छोटी गर्दीही दिसते, पण ती नियोजित सिझरमध्ये, आणि तिच्याबद्दल नातेवाइकांना दोष देण्याआधी तारीख कुणी सुचवली ते विचारावं.

दुसऱ्या डॉक्टरचं मत घेतल्याशिवाय सिझर नाही, हा नियम लॅटिन अमेरिकेतल्या पाच देशांच्या चाचणीत तपासला गेला. २००४ मध्ये आलेल्या निकालात सिझर सुमारे सात टक्क्यांनी, तेही सापेक्ष, कमी झाली. फार नाही, पण बाळांचं काही बिघडलं नाही. उपजिल्हा रुग्णालयात दुसरा प्रसूतितज्ज्ञ असतोच असं नाही, तिथे फोनवर चार प्रश्न पुरतात: गट कोणता, किती सेंटिमीटरवर किती वेळ, ठोक्यांची नोंद काय, आणि काय करून बघितलं. जीव धोक्यात असताना हा फोन करत बसायचं नाही, हे त्याच कागदावर ठळक लिहायचं.

गट ५ वर सगळे सगळ्यात आधी बोट ठेवतात, आणि छोट्या रुग्णालयाने सगळ्यात शेवटी हात घालावा असा तोच गट आहे. खालच्या भागात आडवा छेद असलेलं एकच सिझर, डोकं खाली, कळा आपोआप आलेल्या, अशा बाईची खालून बाळंत होण्याची शक्यता चारात तीन धरतात. गर्भपिशवी फाटण्याची साधारण दोनशेत एक. पण तो एक प्रसंग सांभाळायला ओटी, भूलतज्ज्ञ आणि रक्त तिन्ही हाताशी हवं. ते नसेल तर टाकेवालीला ३६ व्या आठवड्यातच मोठ्या रुग्णालयाशी जोडून द्यायचं, कळा सुरू झाल्यावर नाही. छेद कसा होता ते कळायला जुनं डिस्चार्ज कार्ड लागतं. पहिलं बाळंतपण माहेरी, दुसरं सासरी. कार्ड माहेरच्या पेटीत. आणि सापडलंच तर त्यावर 'एलएससीएस' (सिझरचं इंग्रजी लघुरूप) एवढी चार अक्षरं. म्हणून आपल्याकडून जाणाऱ्या प्रत्येक कार्डावर छेद कुठे, टाका वाढला का, तोंड किती उघडलं होतं आणि पुढच्या खेपेला प्रयत्न करता येईल का, हे मराठीत लिहायचं. शक्य झालं तर त्या पानाचा फोटो आशाताईच्या मोबाइलवर. दुसऱ्या सिझरनंतर वार खालीच असेल तर ती टाक्यात रुतण्याचा धोका ४० टक्क्यांपर्यंत जातो. एका सिझरनंतर तोच ११ टक्क्यांच्या आसपास असतो. हे दोन आकडे प्रत्येक पहिल्या सिझरच्या वेळी आठवावेत इतके जड आहेत.

पायाळू बाळाला ३६-३७ आठवड्यांत पोटावरून हाताने फिरवता येतं, साधारण अर्ध्या वेळा जमतं, सिझरची सोय असेल तिथेच करायचं. शिकवणारे हात कमी उरलेत. व्हॅक्यूमचंही (डोक्याला कप लावून बाळ ओढायचं) तेच: पूर्ण तोंड उघडलेलं, पाणी गेलेलं, डोकं पुरेसं खाली, लघवीची पिशवी रिकामी, तीन खेचांत सरकलं नाही तर सोडून द्यायचं. हे न येणाऱ्या डॉक्टरला शेवटच्या टप्प्यावर सिझर एवढाच रस्ता दिसतो, आणि रुतलेलं डोकं वर काढायचं ते सिझर सगळ्यात वाईट.

आकडा खाली आणायच्या नादात बाळं बिघडली तर सगळं व्यर्थ. म्हणून त्याच तक्त्याच्या उजव्या बाजूला पाच मिनिटांचा अपगार (जन्मल्यावर बाळाच्या तब्येतीला दिलेले दहापैकी गुण) ७ च्या खाली असलेली बाळं, एसएनसीयूत (नवजात अतिदक्षता कक्षात) गेलेली, मृत जन्म, बाळंतपणानंतरचा रक्तस्राव, मोठ्या जखमा आणि गर्भपिशवी फाटणं असे सहा रकाने, गटागटाने. यातला एकही वाढला तर सिझरचा दर कमी झाल्याची बातमी थांबवायची आणि आधी ते केसपेपर काढायचे. या महिन्यापासून त्यात सातवा रकाना वाढवला आहे: दाखल होताना किती सेंटिमीटर. त्या रकान्यात अजूनही काही ठिकाणी 'दोन बोटं' लिहून येतं. तो कागद परत जातो.